खुलासा : नगरसेवकाला ‘दोनदाच’ची अट नाही

गडचिरोली जिल्ह्यात मूलचेरा-चामोर्शीकडे मेसेज फिरतोय : बंगाली निर्वासित घरातल्याला नगरपंचायतीत दोनदाच निवडून येता येतं. साफ चूक. नगरपंचायतींनाही लागू असलेल्या 1965 च्या नगरपरिषद कायद्यात किती वेळा निवडून यायचं, याला मर्यादाच नाही. वय 21 पूर्ण, शहराच्या मतदार यादीत नाव; आजोबा कुठून आले हा प्रश्न अर्जात नाही. जुन्या नगरसेवकाला फटका बसतो तो आरक्षणाच्या सोडतीचा. प्रभाग राखीव निघाला की शेजारचा गाठायचा. उमेदवाराचं नाव शहरातल्या कोणत्याही प्रभागाच्या यादीत असलं तरी चालतं, सूचक (अर्जावर नाव सुचवून सही करणारा) मात्र जिथून लढायचं त्याच प्रभागातला लागतो. छाननीत अर्ज इथेही उडतात! राखीव जागेचं म्हणाल, तर या निर्वासितांतल्या अनेकांची नमशूद्र ही जात पश्चिम बंगालमध्ये अनुसूचित जातींत आहे, महाराष्ट्राच्या यादीत नाही. अडचण ती आहे, ‘दोनदा’ची नव्हे.