आयर्न सुक्रोज ५०० मिली सलाईनमध्ये का नको : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : तुमच्या प्रसूती वॉर्डात आयर्न सुक्रोजच्या (शिरेतून द्यायचं लोहाचं इंजेक्शन) दोन अँप्युल ५०० मिली आरएल (रिंगर लॅक्टेट) किंवा डीएनएसमध्ये (डेक्स्ट्रोज घातलेलं सलाईन) घालून चार तासांत सोडतात, आधी अ‍ॅविल (अ‍ॅलर्जीविरोधी इंजेक्शन) देतात, आणि आजवर कुणाला काही झालेलं नाही. आमच्या आधीच्या लेखात ‘फक्त एनएस (नॉर्मल सलाईन), तेही थोडंच’ असं लिहून आम्ही नव्या मुलींना घाबरवतो. डोसचं गणित डॉक्टरांचं, सिस्टरने ऑर्डर पाळावी. शिवाय त्या लेखात नुसतं ‘हळू द्या’ म्हटलंय, थेंब किती ते नाही.

शेवटचा आक्षेप पूर्ण मान्य. ‘हळू’ या शब्दाने वॉर्डात काम होत नाही, म्हणून आधी तेच. ५ मिलीच्या अँप्युलमध्ये १०० मिग्रॅ लोह असतं. दोन अँप्युल म्हणजे २०० मिग्रॅ, एका वेळची कमाल मात्रा, आणि ती आठवड्यातून जास्तीत जास्त तीनदा. ती १०० मिली एनएसमध्ये घातली की एकूण ११० मिली होतात. ते जायला किमान ३० मिनिटं हवीत. २० थेंबांना १ मिली देणारा सेट असेल तर ११० गुणिले २० भागिले ३०, म्हणजे मिनिटाला ७३ थेंब. १५ थेंबांचा सेट असेल तर ५५. सेटच्या पाकिटावर आकडा छापलेला असतो, तो बघूनच मोजा. पहिली दहा मिनिटं २० थेंबांवर ठेवून खाटेशी उभं राहा, मग ७० पर्यंत वाढवा. चाळीसेक मिनिटांत बाटली संपते.

आता ५०० मिलीचं. जास्त पातळ केलं की औषध सौम्य होतं, हा समज बहुतेक इंजेक्शनांना लागू पडतो, इथे पडत नाही. आयर्न सुक्रोज म्हणजे पाण्यात विरघळलेला साधा क्षार नव्हे. लोहाच्या कणाभोवती साखरेचं वेष्टन असतं, आणि ते टिकावं म्हणून द्रावण चांगलंच अल्कधर्मी ठेवलेलं असतं, पीएच १०.५ ते ११. फार पातळ केलं की वेष्टन सैल होतं आणि मोकळं लोह रक्तात उतरतं. म्हणून मिलीमागे १ मिग्रॅच्या खाली जायचं नाही. तुमच्या बाटलीत ते ०.४ मिग्रॅ होतं. डीएनएसमधलं डेक्स्ट्रोज आम्लधर्मी असतं, आणि आरएलला तर औषधाच्या माहितीपत्रकात जागाच नाही. तिथे एकच द्रावण दिलेलं असतं : ०.९ टक्के सोडियम क्लोराइड.

‘काही झालं नाही’ याबद्दल एक विनंती. मळमळ, चेहरा लाल होणं, कंबर धरणं, हात जळजळणं, बीपी उतरणं या तक्रारी चार्टवर ‘अशक्तपणा’ किंवा ‘थंडी वाजली’ म्हणून लिहिल्या गेल्यात का, ते एकदा बघा. आणि चार तासांत काय होतं ते तुम्हाला आमच्याइतकंच ठाऊक आहे : बाई बाथरूमला उठते, बाळाला जवळ घेते, कोपर वाकवते, आणि व्हेनफ्लॉन (शिरेत बसवलेली बारीक नळी) शिरेतून सरकतो. लोह कातडीखाली गेलं की चहा सांडल्यासारखा तपकिरी डाग पडतो आणि तो वर्षानुवर्षं, कधी कायमचा राहतो. म्हणून सुई मनगटाजवळ किंवा कोपराच्या खळग्यात नको, पुढच्या हातावर घ्या. आधी १० मिली एनएस सोडून फुगवटा येत नाही ना बघा. बाटली संपल्यावर पुन्हा एनएसने धुवा. सूज दिसलीच तर थांबवा, हात उंच ठेवा, चोळू मात्र नका, आणि पेनाने कडा आखून डॉक्टरांना दाखवा.

अ‍ॅविलमुळे बीपी उतरू शकतं, नाडी वाढू शकते, गुंगी येते. मग जे दिसतंय ते लोहाचं की अ‍ॅविलचं, हे कळेनासं होतं. सरसकट आधी देऊ नये. टेस्ट डोसचंही (आधी थोडंसं औषध देऊन बघण्याचं) तसंच : तो निर्धोक गेला म्हणून पुढचा डोस निर्धोक ठरत नाही, म्हणून युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०१३ मध्ये टेस्ट डोसची शिफारस काढून टाकली. खरी सोय म्हणजे खाटेशेजारी तयार ठेवलेलं अ‍ॅड्रेनॅलिन (१:१०००, ०.५ मिली, मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत), ऑक्सिजन, आणि बाटली संपल्यावर ३० मिनिटं नजर. नुसतं छाती आवळल्यासारखं वाटलं, चेहरा लाल झाला, पण बीपी आणि श्वास ठीक असेल, तर ड्रिप थांबवून डॉक्टरांना कळवा. हे बहुधा थोड्या वेळात आपोआप शमतं. श्वास लागला, ओठ सुजले किंवा बीपी कोसळलं तर क्षण न घालवता अ‍ॅड्रेनॅलिन.

ऑर्डर पाळायचीच, यात वाद नाही. पण गणित येत असेल तर अपुरी राहिलेली ऑर्डर कळते. गरोदरपणाआधीचं वजन ५० किलो, हिमोग्लोबिन ७.५, गाठायचं ११. फरक ३.५. ५० गुणिले ३.५ गुणिले २.४ (हा सूत्रातला ठरलेला आकडा) म्हणजे ४२०, त्यात साठ्यासाठी ५०० मिळवले की ९२० मिग्रॅ, म्हणजे पाच डोस. दोन डोसनंतर बाई माहेरी गेली तर तिला ४०० च मिळाले. हे डिस्चार्ज कार्डावर लिहिणारा हात बहुतेक वेळा सिस्टरचाच असतो. पहिल्या तीन महिन्यांत मात्र हे इंजेक्शन नाही, मग ऑर्डर कुणाचीही असो. तिथे थांबून विचारणं हे कामच आहे.

नंदुरबार, गडचिरोलीकडच्या वॉर्डांत आणखी एक गोष्ट बघा : सिकलसेल (तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार) असलेल्या बाईचं हिमोग्लोबिन ७ हे तिचं नेहमीचंच असू शकतं. तिथे पेशी लवकर फुटतात, लोह कमी असतंच असं नाही. फेरिटिन (लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) बघितल्याशिवाय लोह सुरू करू नये. ती सिकलसेलसाठी हायड्रॉक्सियुरिया हे औषध घेत असेल तर गरोदरपणात ते चालू ठेवायचं का, हे आधी डॉक्टरांना विचारा.

आमच्या लेखातून राहिलेलं एक : शिरेतून लोह चालू असताना लोहाच्या लाल गोळ्या बंद ठेवायच्या, आणि शेवटच्या डोसनंतर पाच दिवसांनी पुन्हा सुरू करायच्या. चहा आणि कॅल्शियमच्या गोळीपासून दोन तास लांब. शौच काळी होईल हे आधीच सांगा, नाहीतर घाबरून बंद करतात.

तुमच्या डॉक्टरांपुढे ठेवायला ऑर्डर अशी लिहा : ‘आयर्न सुक्रोज २०० मिग्रॅ, एनएस १०० मिलीमध्ये, ३० मिनिटांहून कमी वेळात नाही, एक दिवसाआड, आठवड्यात तीनहून जास्त नाही, एकूण ५ डोस’. सोबत खोक्यातलं माहितीपत्रक, द्रावणाच्या ओळीखाली रेघ मारून.