पंधरा सेकंदांचे पाणी

पानगळीच्या जंगलातून वाहणाऱ्या ओढ्याचे छायाचित्र काढायचे, तर पानगळ आणि ओढा या दोघांनीही एकाच दिवशी हजर असावे लागते, ही साधी गोष्ट कॅमेरा घेतल्यानंतर तब्बल चार वर्षांनी माझ्या लक्षात आली. थंड देशांतले छायाचित्रकार ऑक्टोबरात घराबाहेर पडतात, तेव्हा त्यांच्याकडे झाडे लाल-पिवळी झालेली असतात आणि शेजारून झरा दुधासारखा वाहत असतो. आमच्या खानदेशात ऑक्टोबर म्हणजे दुसरा उन्हाळा. त्या महिन्यात ओढ्याला पाणी असते, पण जंगल हिरवेगार असते आणि माणूस घामाने भिजलेला असतो. पुढे जानेवारी-फेब्रुवारीत साग पाने टाकू लागतो, सालई उघडी पडते, सगळे रान तांबूस-तपकिरी होऊन अगदी चित्रासारखे दिसू लागते, आणि तोवर ओढ्याने काढता पाय घेतलेला असतो. दोन्ही पाहुणे एकाच घरी येतात, पण एक गेल्याशिवाय दुसरा येत नाही.

तरीही यंदा जानेवारीच्या अखेरीस, थोडेसे पाणी उरले असेल या आशेवर, मी चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला जायचे ठरवले. हा परिसर 1986 साली घोषित झालेल्या गौताळा औट्रम घाट अभयारण्यात येतो. सौभाग्यवतींना देवीचे दर्शन घ्यायचे होते, त्यामुळे गाडी निघाली, आणि गाडी निघाली म्हणून तिचे काका, म्हणजे आमचे नाना, पुढच्या सीटवर येऊन बसले. नानांनी उभे आयुष्य साक्री तालुक्यात पांझरेच्या काठी पाटकरी म्हणून काढले आहे. नदीवर बंधारा घालून पाटाने पाणी न्यायचे आणि फडाफडाला पाळीपाळीने द्यायचे, ही आमच्याकडची शतकांपासून चालत आलेली फड पद्धत आहे. कोणाच्या शेतात किती पाणी गेले, हे नाना पाटाकडे नुसते पाहून सांगत. अशा माणसाला घेऊन पाण्याचे फोटो काढायला जाणे म्हणजे सोनाराला घेऊन खोटे दागिने घ्यायला जाण्यासारखे आहे, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले नाही.

मंडळी देवळाकडे गेली आणि मी नानांसह ओढ्याच्या पात्रात उतरलो. पात्रात बहुतेक दगडच होते. मध्ये एक डबके होते आणि त्यातून दोन शिळांच्या फटीतून मनगटाएवढी धार खालच्या डबक्यात पडत होती. मी मनाची समजूत घातली की वेगळा कोन साधला तर मनगटाचा धबधबा करता येतो. कॅमेरा जमिनीपासून चार बोटांवर आणला, की जवळचा दगड डोंगराएवढा दिसतो आणि धार त्या मानाने मोठी भासते. त्यासाठी छायाचित्रकारालाही जमिनीपासून चार बोटांवर यावे लागते, एवढीच काय ती अडचण. मी पालथा पडलो. सागाचे वाळलेले पान हे दिसायला पत्रावळीएवढे आणि वाजायला उडदाच्या पापडासारखे असते. माझ्या पोटाखाली अशी शंभरेक पाने एकदम मोडली, तेव्हा समोरच्या झाडावरची वानरे उठून पलीकडच्या झाडावर गेली.

"काय दखी राह्यनात जवाईबापू?" नानांनी वरून विचारले. काही हरवले असावे, अशा समजुतीने तेही पाने बाजूला सारू लागले. माझ्या चौकटीतला पानांचा सडा, जो मी महिनाभर मनात रंगवला होता, त्यांनी काठीने पाच मिनिटांत झाडून स्वच्छ केला.

मग मी उताणा झालो. सागाच्या बुंध्याशी पाठ टेकून कॅमेरा सरळ आभाळाकडे धरला, की सगळी खोडे वर एका बिंदूकडे झुकल्यासारखी दिसतात आणि राहिलेल्या पानांमागून ऊन आले की शिरा न् शिरा उजळते. हा फोटो खरोखर चांगला आला. त्यानंतर शटर उघडे असताना कॅमेरा वरून खाली ओढून खोडांच्या नुसत्या रेघा उमटवण्याचा प्रयोग केला, तेव्हा नानांनी मला सावलीत बसवून पाण्याची बाटली दिली आणि हात कधीपासून थरथरतात, अशी आपुलकीने चौकशी केली.

खरी लढाई धारेशी होती. पाणी दुधासारखे दिसायला शटर बराच वेळ उघडे राहावे लागते, पण दिवसाउजेडी तसे केले तर फोटो पांढराफटक होतो, म्हणून भिंगापुढे काळी काच लावतात. माझ्याकडे दोन काचा होत्या. त्यांतली एक पाण्यावरची आणि ओल्या पानांवरची चकाकी घालवणारी पोलरायझर काच. ती लावून मी नानांना मोठ्या अभिमानाने पडद्यावर डबके दाखवले. त्यांनी कडे फिरवून पाहिले, चकाकी गेली, तळाचे खडे लख्ख दिसू लागले, आणि ते म्हणाले, "होतं तेवढं पाणीही घालवलं तुम्ही."

दुसरी काच दहा टप्प्यांची. प्रत्येक टप्प्याला उजेड निम्मा होतो, म्हणजे एकूण उजेड हजाराव्या हिश्श्याहूनही कमी उरतो आणि वेळ त्याच हिशेबाने दुप्पट, दुप्पट करत न्यावा लागतो. काचेविना साठांश सेकंद येत होता. मी बोटे मोडू लागलो. साठांश, तिसांश, पंधरांश, अष्टमांश असे करत दहाव्या बोटाला आठ सेकंद आले आणि फोटो अंधारा आला. पुन्हा मोजले, पुन्हा आठ. पहिले बोट साठांशावरच मोडले होते, ही चूक नानांनी पकडली. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ स्थापन केल्याचा शिलालेख याच पाटणचा, डॉ. भाऊ दाजी लाडांनी उजेडात आणलेला. त्या भूमीत मला दहापर्यंत मोजता येऊ नये, याची लाज वाटून मी इकडेतिकडे पाहिले. नशिबाने वानरेच होती. खरे उत्तर पंधरा सेकंद.

पण पंधरा सेकंद उघडे ठेवूनही मनगटाएवढ्या धारेचे दूध होईना. पडद्यावर दगडाला कोणी चुन्याचा एक फराटा ओढल्यासारखे दिसे. शिवाय नाना येरझारा घालत होते, म्हणून मी त्यांना जरा चढ्या आवाजात बजावले, "मी बटण दाबले की हलायचे नाही, ट्रायपॉड थरथरतो."

नानांनी हे ऐकून घेतले, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला आणि ते वरच्या डबक्यात उतरले. "पाणी कमी नाही, पाळी चुकली आहे," असे म्हणून त्यांनी फटीच्या तोंडाशी दगड लावले, दगडांच्या सांदीत ओला पाला चेपला, त्यावर चिखल थापला आणि धार बंद केली. मग आम्ही बसून राहिलो. कळण्याची भाकरी आणि वांग्याचे भरीत संपले, देवळातून दोनदा फोन येऊन गेला, वरचे डबके बोटाबोटाने चढत काठोकाठ आले आणि त्यावर सागाची पाने संथपणे गोल फिरू लागली. मी कॅमेऱ्यामागे गेलो. "सोडू?" नानांनी विचारले. मी बटण दाबून "सोडा" म्हणालो आणि त्यांनी मधला दगड उपसला.

पाणी घोंघावत आले. दोन्ही शिळांवरून पसरले, पाने घेऊन खाली झेपावले आणि अगदी पंधरा सेकंद टिकले. मागे पुन्हा मनगटाएवढी धार उरली. नानांनी सगळे दगड जिथले तिथे नेऊन ठेवले.

घरी येऊन फोटो मोठ्या पडद्यावर पाहिला. पाणी दुधाचे झाले होते, पानांच्या तांबूस वर्तुळाकार रेघा झाल्या होत्या, मागच्या फांद्या वाऱ्याने पुसट झाल्या होत्या, आणि या सगळ्या धूसर पसाऱ्याच्या मधोमध, पापणीसुद्धा लवली नसावी इतके स्पष्ट, दोन्ही हातांत दगड धरून नाना उभे होते. हलायचे नाही, असे मी बजावले होते.

त्यांनी तो फोटो फ्रेम करून बैठकीत लावला आहे. आल्यागेल्याला ते सांगतात, की हा नोकरीत असतानाचा.