‘मुलांना चार स्वेटर घाला’: बर्फात हा सल्ला का चुकतो

डिसेंबर जवळ आला की पुण्यातल्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागतो. गुलमर्ग, औली किंवा सोलंगला मुलांना क्रॉस-कंट्री, म्हणजे सपाट बर्फावर घसरत चालण्याच्या, स्कीइंगसाठी नेणाऱ्यांना त्यात पाच सूचना असतात: मावतील तेवढे स्वेटर आणि मोज्यांचे दोन जोड घाला, चेहऱ्याला तेल चोपडा, बर्फात ऊन लागत नाही म्हणून गॉगलवर खर्च नको, बोटं बधिर झाली तर बर्फाने चोळा, तोल सांभाळायला पहिल्यापासून हातात काठ्या द्या. लिहिणाऱ्याची माया कळते. पण पाचही सूचना चुकीच्या आहेत आणि त्यांतल्या दोन तर सरळ इजा करणाऱ्या आहेत.

आधी स्वेटर, कारण सर्वात जास्त घोळ तिथेच होतो. डिसेंबरच्या पहाटे सिंहगड चढायला लागलं की पायथ्याशी घातलेला स्वेटर अर्ध्या वाटेत कमरेला बांधावा लागतो. क्रॉस-कंट्री स्कीइंग ही तशीच मेहनत आहे. बुटाचं फक्त पुढचं टोक स्कीच्या लांब पट्टीवरच्या बाइंडिंगमध्ये, म्हणजे बूट धरणाऱ्या पकडीत, अडकतं, टाच मोकळी राहते आणि सपाट किंवा हलक्या चढाच्या बर्फावर हात, पाय, कंबर सतत चालू असतात. चार स्वेटरांतलं मूल थोड्याच वेळात घामाने भिजतं. मग ते खाऊ खायला थांबतं आणि ओले कपडे अंगातली ऊब ओढून घेतात. वजनाच्या मानाने लहान मुलांच्या त्वचेचं क्षेत्रफळ मोठ्यांपेक्षा जास्त असतं, त्यामुळे ती आपल्या आधी गारठतात. थंडी बाधते ती चालताना नव्हे, थांबल्यावर.

तीन थर पुरतात: अंगालगत लोकरी किंवा पॉलिस्टरचं थर्मल, त्यावर पातळ फ्लीस, वर वारा अडवणारं जॅकेट. आपल्याकडे सवयीने आधी सुती बनियन चढवलं जातं. ते मात्र नकोच, कारण सूत घाम शोषून ओलं राहतं. निघताना मुलाला किंचित गार वाटलं तर बरोबर आहे. एक जाड जॅकेट सॅकमध्ये ठेवा आणि थांबल्याबरोबर, मूल कुडकुडायची वाट न पाहता, त्याला घाला. अंदाज घ्यायचा तर कॉलरखाली मानेमागे हात लावा. तिथे दमट, गरम लागलं तर एक थर काढा. गार लागलं तर वाढवा.

जास्त कपड्यांचा सल्ला एकालाच लागू पडतो: स्लेजमध्ये, म्हणजे बर्फावरून ओढायच्या गाडीत, बसलेल्या बाळाला. ते हलत नाही, म्हणून त्याच्या अंगात ऊबही तयार होत नाही. ओढणाऱ्याला घाम फुटलेला असताना मागे बाळ गारठू शकतं, तेव्हा दर दहा-पंधरा मिनिटांनी थांबून बघाच.

मोज्यांचा दुसरा जोड चढवला की बूट आवळतो, रक्त बोटांपर्यंत नीट पोचत नाही आणि पाय जास्तच गार पडतात. एकच लोकरी जोड घाला, बोटं हलतील एवढी जागा ठेवा आणि कोरडा जोड सॅकमध्ये असू द्या. हातमोजे चारही बोटं एकत्र राहतील असे घ्या. बोटं एकमेकांना ऊब देतात.

तेलाने चेहरा उबदार राहत नाही. वारा अडवायला कापडच लागतं.

गॉगलवरचा खर्च वाचवणं मात्र फार महागात पडू शकतं. ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी सुमारे 80 टक्के परत फेकतो. शिवाय दर 1,000 मीटर उंचीला हे किरण साधारण 10 टक्क्यांनी वाढतात. पुणे सुमारे 560 मीटरवर आहे, गुलमर्ग सुमारे 2,650 मीटरवर. ढगाळ दिवशीही डोळे भाजतात आणि ते काही तासांनी कळतं: वाळू गेल्यासारखं खुपतं, उजेड सहन होत नाही. यूव्ही 400 (म्हणजे अतिनील किरण अडवणारा) लिहिलेला, कडेने बंद गॉगल घ्या. सनस्क्रीन हनुवटीखाली आणि नाकाच्या खालच्या बाजूलाही लावा, कारण तिथलं ऊन खालून येतं.

बधिर बोट बर्फाने चोळू नका. गोठू लागलेली त्वचा घासली की ती आणखी फाटते. गाल किंवा बोट पांढुरकं दिसलं तर मुलाला आडोशाला न्या. गालावर उबदार तळवा नुसता ठेवा, बोटं काखेत धरा. कांगडी (निखाऱ्यांची काश्मिरी शेगडी) किंवा हीटरचा शेक देऊ नका, बधिर त्वचेला भाजलेलं कळत नाही. जागा मेणासारखी कडक झाली किंवा संवेदना परतत नसेल तर लगेच डॉक्टर गाठा.

राहिल्या काठ्या. पहिल्या दिवशी त्या नकोतच. वजन एका स्कीवरून दुसऱ्या स्कीवर टाकणं हाच इथला मूळ धडा आहे आणि काठ्या हातात असल्या की मूल त्यांवर रेलून तो टाळतं. आधी एकाच पायात स्की घालून दुसऱ्या पायाने स्कूटरसारखं ढकलायला लावा, मग पाय बदला, मग दोन्ही स्कीवर नुसतं चालू द्या. पडल्यावर उठणंही शिकवा: कुशीवर वळायचं, दोन्ही स्की समांतर करायच्या, गुडघ्यावर यायचं, मग उभं राहायचं. काठ्या नंतर द्या, काखेपर्यंत येतील एवढ्या. नवशिक्याला स्की साधारण त्याच्या उंचीइतकी पुरते. तळाला माशाच्या खवल्यांसारखी नक्षी असलेली मिळाली तर उत्तम, म्हणजे चढावर ती मागे घसरत नाही आणि घसरू नये म्हणून तळाला मेण लावायची कटकट नसते. एका पायावर तोल धरायचा सराव पुण्यात इनलाइन स्केट्सवर आधीच करून घेता येतो.

स्की भाड्याने घेताना एक खात्री करा: बूट अडकवल्यावर टाच वर उचलली जाते का? जात नसेल तर ती उतारावरच्या स्कीइंगची जोडी आहे. ती परत करा.