पारोळ्याच्या दादांना उत्तर: पहाटे पाचला सपोर्टला कोणाला उठवायचं?

दादा, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा दोन मुद्दे पटले, आणि म्हणूनच हे उत्तर जरा लांबणार आहे.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी: गेल्या लेखात मी लिहिलं होतं की अडकलेला रॉड धरायला सपोर्टला माणूस नसेल तर बेंचवर (उताणं झोपून रॉड छातीवरून वर ढकलायचा व्यायाम) हेवी मारूच नका, आणि रॅक, म्हणजे पडता रॉड अडवणारा लोखंडी सांगाडा, नसेल तर रॉडला लॉक, म्हणजे प्लेटा घसरू नयेत म्हणून टोकांना लावायचा चाप, लावू नका. त्यावर दादांचं म्हणणं असं, की पुण्या-मुंबईच्या जिमचं ज्ञान इथे पाजळू नका. पहाटे पाचला गावात सपोर्टला कोणाला उठवायचं? रॅक घ्यायचे पैसे कापसातून उगवतात का? लॉक न लावता रॉड उचलायला सांगणं म्हणजे कोणाचं तरी डोकं फोडायची सोय. आणि शेवटी जे लिहिलंय ते तसंच देतो: "माझे आजोबा शंभर किलोचं पोतं एकटे पाठीवर न्यायचे. त्यांना कोणी सपोर्ट दिला नाही. भित्र्यांनी वजनाला हात लावू नये."

पोत्यापासूनच सुरू करू.

माझ्या मामांची अमळनेरला आडत होती. उन्हाळ्याच्या सुटीत मी तिथे पोत्यांच्या थप्पीवर बसून दिवस काढायचो. शंभर किलोचं पोतं हमाल एकटा नेतो हे खरं, पण ते एकटा उचलत नाही. तो गुडघ्यात वाकून पाठ पुढे करायचा, दोघं जण पोत्याचे दोन-दोन कान धरून झोका द्यायचे, पोतं मानेखाली नीट बसलं की तो "हां" म्हणायचा आणि मगच ते हात सोडायचे. मधेच पाय लटपटला तर? खांदा तिरका केला की पोतं मागे धप्पकन. फार तर पोतं फाटायचं, तूर सांडायची, मामा चार शिव्या घालायचे. हमाल पोत्याखाली सापडला असं मी एकदाही पाहिलं नाही, कारण वजन त्याच्या मागे होतं आणि तो उभा होता. बेंचवर माणूस उताणा असतो आणि रॉड गळ्याच्या वर. दोन्ही गोष्टींत वजन असतं, एवढंच काय ते साम्य. शिवाय त्या शंभर किलोंनी किती कमरा गेल्या हेही विसरू नका. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 1967 सालीच शिफारस केली होती की एका पुरुष कामगाराच्या अंगावरचा बोजा 55 किलोवर आणा.

तालमीचंही तेच. वस्ताद कडेला बसलेला, चार पोरं जोर मारताहेत, दोन हौदात. तालमीत एकटा कोण असतो? आणि भित्रेपणाचं म्हणाल, तर आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंगच्या नियमाप्रमाणे स्पर्धेत मंचावर कमीत कमी 2 आणि जास्तीत जास्त 5 माणसं रॉड सांभाळायला उभी असतात. जगज्जेत्यालाही ती नको म्हणता येत नाहीत.

आता माझं सांगतो. गेल्या लेखात लाजेने लिहिलं नव्हतं.

तीन वर्षांपूर्वीचा मे महिना. आमच्याकडे मे म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. भुसावळ-जळगावचा पारा 45 च्या पुढे गेला की रात्रीसुद्धा भिंती तापलेल्या असतात. म्हणून पहाटे पाचला मागच्या पत्र्याच्या खोलीत व्यायाम. पोरं झोपेत येऊन लुडबुड करू नयेत म्हणून आतून कडी. कूलर फुल्ल. 65 किलो लावले होते, दोन्ही बाजूंनी लॉक घट्ट. आठ काउंट, म्हणजे आठ वेळा खाली-वर, ठरवले होते, सातवा कसाबसा गेला, आठवा छातीवरून चार बोटं वर आला आणि थांबला. मग हळूहळू खाली. हाक मारली, पण कूलरच्या घरघरीत ती माझी मलाच ऐकू आली नाही. दुसऱ्यांदा मारायला छातीत हवा उरली नव्हती. रेक्झिन घामाने निसरडं झालेलं, पाय जमिनीवर नीट टेकेनात. शेवटी रॉड छातीवरून पोटावर, पोटावरून कमरेच्या हाडांवर असा लोळवत नेला आणि उठून बसलो. आठ दिवस कमरेवर दोन जांभळे पट्टे होते. 65 होते म्हणून लोळला. 95 असते तर पोटावरून नेताना काय झालं असतं, त्याचा विचार मी करत नाही.

आईने नंतर दार वाजवलं. "काय पडनं रे?" काही नाही म्हटलं.

त्या दिवशी चुकलं काय? तुम्ही म्हणाल, ताकद कमी पडली. ताकद तर सगळ्यांचीच कधी ना कधी कमी पडते. माझं चुकलं ते हे, की आठवा काउंट अडकला तर रॉड कुठे जाणार याचं उत्तर उचलण्याआधी माझ्याकडे नव्हतं. आणि इथे तुमचा पहिला मुद्दा मला मान्य करावा लागतो. "एकट्याने मारूच नका" हे लिहायला सोपं आहे. गावात पहाटे कोणी मिळत नाही, आणि जो अर्धवट झोपेत येतो तो मोबाइल बघत उभा राहतो. ते वाक्य मी बदलतो: एकट्याने मारा, पण रॉडला पडायची जागा आधी करून ठेवा.

आता लॉक. तुम्ही म्हणता लॉक न लावणं धोक्याचं, मी म्हणालो लावणं धोक्याचं. दोघांचंही अर्धंच बरोबर आहे आणि अर्धवट लिहिल्याचा दोष माझा. खाली सेफ्टी, म्हणजे पडता रॉड अडवणारा आडवा आधार, असेल तर लॉक लावा, बिनदिक्कत. स्क्वॉट (पाठीवर रॉड घेऊन बैठक), डेडलिफ्ट (जमिनीवरून रॉड उचलणं), डोक्यावर उचलायचं काहीही, तिथेही लॉक हवाच. फक्त साध्या बेंचवर, सेफ्टीशिवाय, एकटे असाल तर लॉक नको. कारण तो शेवटचा दरवाजा आहे: रॉड एका बाजूला कलवला की त्या बाजूच्या प्लेटा घसरून पडतात. पण त्यापुढचं मी लिहिलं नव्हतं. एक बाजू रिकामी झाल्याक्षणी दुसरी बाजू सगळ्या वजनानिशी खाली झेपावते आणि रॉड झाडलेल्या काठीसारखा उलटतो. तेव्हा दोन्ही बाजूंना हात-दीड हात जागा मोकळी हवी. तिथे कूलर नको, खिडकीची काच नको, आणि झोपलेलं पोर तर नकोच. फरशी फुटेल. फुटू द्या. आणि लॉक नसेल तर काउंट मारताना रॉड सरळ राहिला पाहिजे, नाहीतर प्लेट नको तेव्हा सरकते. म्हणून हलक्या वजनावर आधी बघा तुमचा रॉड कुठे कलतो.

तो कलण्याचं एक कारण हातात नसून लोखंडात असतं. मी माझा रॉड आणि प्लेटा कापूस घेणाऱ्या व्यापाऱ्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर नेऊन ठेवल्या. तो बिचारा हसत होता. स्पर्धेचा पुरुषांचा रॉड 20 किलोचा असतो, दुकानदाराने मला "20 चाच" म्हणून दिलेला 16 किलो 400 ग्रॅम भरला. 10 लिहिलेल्या दोन प्लेटांपैकी एक 9.6, दुसरी 10.3. म्हणजे दोन वर्षं माझ्या एका हातावर 700 ग्रॅम जास्त, आणि मी समजत होतो डावा खांदा कमजोर आहे. आता प्लेटांवर पेंटने खरं वजन लिहिलंय.

पैशांचं. पूर्ण रॅक महाग आहे, खरंय. मी घेतलेला नाही. सेफ्टी म्हणून बेंचच्या दोन्ही बाजूंना ठेवायला वेल्डिंगवाल्याकडून दोन घोड्या करून घेतल्या, दोन इंची चौकोनी पाइपच्या, पाया रुंद, वरची आडवी पट्टी वर-खाली करायला भोकं आणि जाड पिना. साडेतीन हजार गेले. घरी आणल्यावर पहिलं काम म्हणजे जेवढं उचलतो त्याच्या दीडपट वजन लावून रॉड वीतभर वरून त्यावर चार वेळा सोडला. आवाजाने गल्ली जागी झाली, घोड्या हलल्या नाहीत. असं न करता कोणाच्याही वेल्डिंगवर गळा ठेवू नका.

उंची कशी लावायची हे मात्र नीट समजून घ्या, कारण बहुतेक जण सेफ्टी असूनही फसतात ते इथे. रिकामा रॉड घेऊन आडवे व्हा. छाती फुगवून, पाठीला थोडी कमान देऊन रॉड छातीला लावा. तेव्हा तो घोडीपासून बोटभर वर असला पाहिजे, म्हणजे नेहमीचे काउंट मोकळे जातील. आता श्वास सोडून पाठ सपाट करा. रॉड घोडीवर टेकला आणि छातीवरचा भार गेला? ठीक. मग तसाच रॉड घोडीवरून गळ्याकडे, तोंडाकडे सरकवून बघा. गळा आणि रॉड यांत फट राहिली पाहिजे. नसेल तर एक भोक वर. ही रंगीत तालीम रिकाम्या रॉडवर दहा वेळा करा. अडकल्यावर डोकं चालत नाही, सवय चालते.

ज्याच्याकडे घोडीही नाही त्याने बेंच डंबेलवर मारावी. हात थकले तर डंबेल बाजूला सोडता येतात. पायांसाठी डेडलिफ्ट आहेच, अडकलं की हात सोडायचे, संपलं. पाठीवर रॉड घेऊन खोल स्क्वॉट मात्र सेफ्टीशिवाय एकट्याने नको, त्यावर मी अजून ठाम आहे. तुम्ही कितीही भित्रा म्हणा.

बाकी किरकोळ. अंगठा रॉडखाली गुंडाळलेलाच हवा. अंगठा वर ठेवून मारायची फॅशन आहे, घामट हातातून रॉड सुटला की थेट छातीवर. घामासाठी पंचा जवळ ठेवा. (एकाने मला विचारलं होतं की हाताला पावडर म्हणून पानाचा चुना चालेल का. नाही हो! कातडी भाजेल. ती पावडर मॅग्नेशियम कार्बोनेटची असते.) एकटे असताना दोन काउंट हातात ठेवून थांबा, रॉडचा वेग मेला की तो सेट संपला समजा. आणि श्वास सेटभर कोंडून ठेवू नका, प्रत्येक काउंटला सोडा. 1985 साली कॅनडातल्या संशोधकांनी पाच बॉडीबिल्डरांच्या धमनीत नळी घालून मोजलं, तेव्हा लेग प्रेस मारताना रक्तदाब सरासरी 320/250 पर्यंत चढला होता. तरण्याताठ्या माणसाला तो पेलतो, पण बीपीच्या गोळ्या चालू असतील किंवा हर्निया असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

तुमचा रॉड काट्यावर ठेवलात तर आकडा जरूर कळवा.

आणि सपोर्टला कोणाला उठवायचं, या तुमच्या प्रश्नावर. आतली कडी मी काढून टाकली. सेट मारताना कूलर बंद असतो. आई तशीही पाचला उठते. पलीकडे ओट्यावर कळण्याची भाकरी थापत असते. रॉड स्टँडवर ठेवल्याचा खण्ण आवाज बराच वेळ आला नाही की तिची थापी थांबते आणि भिंतीपलीकडून हाक येते, "शे ना रे तू?"