हत्तीवर बसायचे नाही, तरीही हत्ती पाहायला जायचे

डिसेंबरच्या अखेरीस शाळेला नाताळाची सुट्टी लागली की आम्ही घरातले सहा जण जालन्याहून सचखंड एक्सप्रेसने मथुरेला जाणार आहोत. मथुरा म्हटल्यावर जो तो वृंदावनाविषयी विचारतो, आणि तेही होईलच. परंतु सहल ठरली ती मथुरेजवळच्या हत्ती संवर्धन आणि संगोपन केंद्रासाठी. ‘वाइल्डलाइफ एसओएस’ या संस्थेने २०१० साली सुरू केलेल्या या केंद्रात सर्कशीतून, वरातींतून आणि रस्त्यावरच्या भिक्षेतून सोडवून आणलेले हत्ती राहतात, आणि २०१८ पासून तिथे हत्तींसाठी वेगळे रुग्णालयही आहे. या ठिकाणी हत्तीवर बसता येत नाही. आधी नोंदणी करून जायचे, तिथल्या माणसाबरोबर ठरलेल्या वाटेने फिरायचे आणि अंतर राखून पाहायचे. हे मी रात्रीच्या जेवणाच्या वेळी घरात सांगितले तेव्हा माझे दीर ताटावरून मान वर करून म्हणाले, “मंग एवढ्या लांब जायचं कामून, वहिनी?”

प्रश्न अगदी सरळ होता, आणि नंतर तोच प्रश्न शेजारच्या काकूंनी, शाळेतल्या दोन सहकारी शिक्षिकांनी आणि माझ्या सख्ख्या भावानेही विचारला. प्रत्येकाला तुकड्या-तुकड्यांत उत्तर देण्यापेक्षा एकदा नीट लिहावे, म्हणून ही पोस्ट.

माझे बालपण परभणीत गेले. उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या गल्लीत दर एक-दोन वर्षांनी हत्तीण येत असे. सोबत भगव्या कपड्यातला एक माणूस आणि मानेवर बसलेला माहूत. घंटेचा आवाज आला की आम्ही मुले जेवण टाकून धावायचो. आजी सुपात गहू आणि गुळाचा खडा घेऊन दारात उभी राहायची, हत्तीण सोंडेने गूळ घ्यायची, मग माहुताने काही सांगितले की आमच्या डोक्यावर सोंड ठेवायची, आणि आजीच्या डोळ्यांत पाणी यायचे. प्रत्यक्ष गणपती दारात आला, ही तिची भावना खरी होती, आणि आजही मला तिच्याविषयी आदरच वाटतो. परंतु त्या चित्रातल्या काही गोष्टी मला फार उशिरा दिसल्या. मे महिन्यातल्या दुपारी डांबर इतके तापलेले असे की आमच्या चपलांना ते चिकटायचे, आणि ती हत्तीण त्यावर अनवाणी उभी असायची. ती एक पाय उचलायची, खाली ठेवायची, मग दुसरा उचलायची. आम्ही टाळ्या वाजवून ओरडायचो की हत्ती नाचतोय. एकदा माझ्या काकाने तिच्यापुढे पाण्याच्या दोन घागरी ठेवल्या, तर आम्ही मोजायला लागायच्या आत त्या रिकाम्या झाल्या. पूर्ण वाढलेल्या हत्तीला दिवसाला शंभर लिटरहून अधिक पाणी लागते आणि सुमारे दीडशे किलो चारा लागतो. ज्या गल्लीत नळाला चार-चार दिवसांनी पाणी येत होते, त्या गल्लीतून निघून ती पुढे कुठे पाणी पीत असेल, हा प्रश्न त्या वयात आमच्या कोणाच्या मनात आला नाही. मोठ्यांच्याही आला नाही.

त्याच माहुताकडून आजीने माझ्या धाकट्या भावासाठी हत्तीच्या शेपटीच्या केसाची अंगठी घेतली होती. लेकरू रात्री दचकत नाही, असा समज आपल्याकडे अजूनही आहे. केस अर्थातच जिवंत हत्तीणीच्या शेपटीतून उपटलेले असायचे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत, हत्तीचा समावेश १९७७ साली झाला, म्हणजे आजीने अंगठी घेतली तेव्हाही तो व्यवहार बेकायदेशीरच होता. हे तिला ठाऊक असण्याचे काहीच कारण नव्हते. आज आपल्याला ठाऊक आहे.

हत्ती डुलतो, हेही आपण कौतुकाने म्हणतो. पुढे मोठेपणी मराठवाड्यातल्याच एका प्राणिसंग्रहालयात मी सिमेंटच्या कट्ट्यावर उभी असलेली हत्तीण पाहिली. ती डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे सारखी झुलत होती, आणि मी माझ्या मुलीला म्हणाले होते की बघ, किती आनंदात आहे. मला ते बोलणे आज आठवले की वाईट वाटते. रानातला हत्ती रोज मैलोन्मैल चालतो, पाला ओरबाडतो, चिखलात लोळतो, आपल्या कळपातल्या माद्यांशी आणि पिलांशी सतत संपर्कात राहतो. हे सारे काढून घेऊन त्याला एका जागी उभे केले की तो असे तालात झुलू लागतो. ते कोंडलेपणाचे लक्षण आहे. त्याचा तळवा मऊ मातीसाठी घडलेला असतो. सिमेंटवर आणि स्वतःच्याच मूत्राच्या ओलीत वर्षानुवर्षे उभे राहिल्याने तळव्याला भेगा पडतात, नखे सडतात, जखमा आत चरत जातात, आणि पाळलेल्या हत्तींच्या मृत्यूमागे पायांचे दुखणे हे एक मोठे कारण असते. केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने २००९ साली प्राणिसंग्रहालयांत हत्ती ठेवू नयेत असा आदेश काढला, त्यामागे असाच विचार होता.

आता दिरांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते, कारण तो पहिल्यापेक्षा अवघड आहे. ते शेतकरी आहेत आणि भोकरदनकडे आमच्या वाट्याच्या जमिनीत आजही एक बैलजोडी आहे. ते म्हणाले, “आपले बैल नाही का राबत? त्याहिला वेसण नाही का? हत्तीवर बसलं तर पाप, आन् बैल जुपला तर पुण्य?” हा प्रश्न टाळून हत्तींविषयी लिहिणे मला अप्रामाणिक वाटते. बैल माणसाबरोबर हजारो वर्षे राहिला आहे. पिढ्यानपिढ्या निवड होत होत तो घडलेला आहे, त्याचे गोऱ्हेपण गोठ्यात आईजवळ जाते, आणि चांगला शेतकरी त्याला संध्याकाळी मोकळा करतो. हत्तीच्या बाबतीत असे कधी झालेच नाही. माणसाने हत्ती वापरला, परंतु त्याची माणसाळलेली जात कधी तयार झाली नाही. आपल्याकडे बरेचसे हत्ती रानातून धरूनच आणले गेले, आणि जो कळपाबाहेर जन्मला त्यालाही नव्यानेच वाकवावे लागते. हत्तीण सुमारे २२ महिने पिलू पोटात वाढवते आणि पुढे कित्येक वर्षे ते तिच्या पायाशी असते. ते पिलू तोडून आणायचे, चारही पाय आवळून बांधायचे, उपाशी ठेवायचे, आणि त्याने प्रतिकार सोडेपर्यंत मारायचे, ही जुनी रीत आहे. पुढे पन्नास वर्षे अंकुशाचे टोक नुसते दिसले तरी तो आज्ञा पाळतो, कारण त्याला पहिले दिवस आठवत असतात. आपण पाठीवर बसतो तेव्हा त्या आठवणीवर बसलेले असतो. शिवाय आशियाई हत्तीचा कणा वरच्या बाजूला उंचावलेला असतो. त्याच्यावर हौदा बांधून दिवसभर माणसे वाहण्यासाठी ती पाठ घडलेलीच नाही. वेसणीचा प्रश्न मात्र दिरांनी विचारला तो योग्यच विचारला, आणि आमच्याच बैलांना उन्हाळ्यात किती वेळ सावली मिळते यावर त्या रात्री आमचे दोघांचे बरेच बोलणे झाले.

मग ठिकाण कसे निवडायचे? आधी शब्दांचा एक घोळ सांगते. ‘कोणत्या अभयारण्यात चाललात?’ असे अनेक जण विचारतात. अभयारण्य म्हणजे आपल्या कन्नडजवळचे गौताळा, सरकारने घोषित केलेले रान. आम्ही जाणार आहोत ते पुनर्वसन केंद्र आहे. तिथले हत्ती रानात परत जाऊ शकत नाहीत, कारण रानात जगण्याचे शिक्षण त्यांना मिळालेलेच नाही. हे वेगळेपण लक्षात घेतले पाहिजे, कारण पर्यटकांसाठी चालवलेली अनेक ठिकाणेही स्वतःला आश्रयस्थान म्हणवून घेतात. अशाच एका ठिकाणी मी फोन केला होता. पलीकडच्या गृहस्थांनी अतिशय अगत्याने सांगितले की हत्तीला आंघोळ घालता येईल, सोंडेने हार घालून घेता येईल आणि लहान मुलांसाठी पिलूही आहे. माझ्या लेखी तिथेच विषय संपला.

आंघोळ घालण्यात वाईट काय, असे मलाही आधी वाटले होते. परंतु दर तासाला अनोळखी माणसांचा नवा घोळका पाण्यात उतरणार असेल, तर दोन-तीन हजार किलो वजनाचा तो प्राणी त्या सगळ्या वेळात शांतच राहिला पाहिजे, आणि त्याने शांत राहावे यासाठी कुठेतरी धाक जिवंत ठेवावा लागतो. हत्ती स्वतःच्या मनाने पाण्यात उतरतो तेव्हा तो कधी उतरेल आणि कधी बाहेर येईल हे त्याचे तो ठरवतो. तिकिटाच्या वेळेवर ते बसत नाही. पिलांविषयीही तसेच आहे. सोडवून आणलेल्या, म्हाताऱ्या, जखमी हत्तींच्या ठिकाणी पिले भरपूर दिसत असतील, तर ती कुठून आली हे विचारलेच पाहिजे. साखळीविषयी मात्र मी आंधळा आग्रह धरत नाही. नर मस्तीत, म्हणजे माजावर, आलेला असेल किंवा मोठी जखम धुवायची असेल, तर काही काळ बांधावे लागू शकते, आणि असे स्पष्टपणे सांगणाऱ्या जागेवर माझा अधिक विश्वास बसतो. चांगल्या ठिकाणी आडकाठीच्या पलीकडून फळ दाखवून पाय पुढे करायला शिकवतात, मग हत्ती स्वतःच गजांमधून पाय देतो आणि डॉक्टर जखम साफ करतात. मला मुलांना हेच दाखवायचे आहे. माणसाचा क्षयरोग पाळलेल्या हत्तींना होतो आणि त्यांच्यापासून माणसालाही होऊ शकतो, त्यामुळे अंतर राखणे दोघांच्याही हिताचे आहे.

गडचिरोलीतल्या कमलापूरचा विचार आम्ही केला होता. वनखात्याचा हा हत्ती कॅम्प आपल्या महाराष्ट्रातलाच आहे. सागाचे ओंडके ओढणाऱ्या हत्तींच्या काळापासून तो चालत आलेला आहे, आणि ते हत्ती आजही जंगलात चरायला जातात. परंतु जालन्याहून तो रस्ता सासूबाईंच्या गुडघ्यांना झेपणारा नाही, म्हणून रात्रीच्या झोपेत निम्मा प्रवास संपवणारी रेल्वे आम्ही निवडली.

सासूबाईंविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण खरी अडचण त्यांच्याशी बोलण्याची होती. त्या अंगारकीला राजूरच्या गणपतीला जातात, बऱ्याचदा पहाटेच्या रांगेत तीन-तीन तास उभ्या राहतात. हत्तीला हात लावायचा नाही, खाऊ घालायचे नाही, हे त्यांना अपमानासारखे वाटेल अशी मला भीती होती. गेल्या वर्षी, जुलै २०२५ मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातल्या नांदणी मठाची हत्तीण महादेवी ऊर्फ माधुरी न्यायालयाच्या आदेशानुसार जामनगरच्या ‘वनतारा’ या प्राणी केंद्रात नेली गेली, तेव्हा हजारो माणसे पायी मोर्चाने कोल्हापूरला गेली आणि त्यांच्या डोळ्यांतले पाणी खोटे नव्हते. आमच्या घरातही त्या आठवड्यात दोन तट पडले होते. त्याआधी २०१४ साली जोतिबाच्या ‘सुंदर’ नावाच्या हत्तीला बंगळुरूजवळच्या बन्नेरघट्ट्याच्या उद्यानात नेले, तेव्हाही असेच झाले होते. माझे मत असे आहे की हत्तीला बरे वाटेल अशी जागा आधी पाहावी, आणि ती जागा भाविकांच्या जवळच उभी राहू शकली तर त्याहून चांगले काही नाही. नांदणीजवळ तसे केंद्र उभारण्याचा प्रस्ताव पुढे आला, तो मला म्हणूनच योग्य वाटतो. परंतु ज्यांनी त्या हत्तिणीवर मायेने प्रेम केले, त्यांना क्रूर ठरवून काहीही साधत नाही.

सासूबाईंना मी राजूची हकिकत वाचून दाखवली. हा हत्ती उत्तर प्रदेशात सुमारे पन्नास वर्षे पायांत काटेरी साखळ्या घेऊन भीक मागत फिरवला गेला, आणि जुलै २०१४ मध्ये त्याला सोडवून मथुरेच्या केंद्रात आणले गेले. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “राजूरला गाभाऱ्यात तरी कुठं हात लावू देतेत? लांबूनच पाहतो की आपण.” माझ्या सगळ्या युक्तिवादांपेक्षा हे एक वाक्य घरात जास्त चालले. दुसऱ्या दिवशी त्यांनीच माझ्या मुलीला देवघरातल्या तसबिरीजवळ नेऊन दाखवले की गणपतीच्या हातात अंकुश आहे, तो त्याने स्वतः धरलेला आहे.

निघण्याआधी एका रविवारी मुलांना वेरूळला नेणार आहे. कैलास लेण्याच्या जोत्याभोवती संपूर्ण मंदिर पाठीवर घेतल्यासारखे उभे असलेले हत्ती आम्ही सगळ्यांनी शाळेच्या सहलीत पाहिले आहेत. परंतु तेव्हा सोंडा मोजल्या, पाय पाहिले नाहीत. जमले तर अजिंठ्यालाही जायचे आहे. तिथे १० आणि १७ क्रमांकांच्या लेण्यांत षड्दंत जातकाची, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मातल्या सहा सुळ्यांच्या हत्तीच्या कथेची, चित्रे आहेत. राणीच्या हट्टासाठी व्याध सुळे आणायला जातो, त्याला ते कापता येत नाहीत, आणि शेवटी तो गजराज स्वतःच आपले सुळे कापून त्याच्या हाती देतो. ते पाहून राणीचे काळीज फुटते. आपल्या जिल्ह्याच्या शेजारी इतक्या जुन्या काळी कोणीतरी हत्तीच्या बाजूने उभे राहून हे रंगवले, हे मुलांना मथुरेला जाण्याआधी कळावे असे मला वाटते.

बाकी तयारी साधी आहे. गाडीत लंगराचे जेवण मिळते, तरी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर असेल. उत्तरेत थंडी कडक असते, म्हणून स्वेटर आणि कानटोप्या काढून ठेवल्या आहेत. त्या केंद्राजवळच्या गावातल्या बायकांनी मागे हत्तींसाठी लोकरीच्या मोठमोठ्या झुली विणल्या होत्या, त्याचे फोटो पाहून माझी मुलगी सारखी हसत असते. सासूबाईंनी गुळाची ढेप मात्र घरीच ठेवायचे कबूल केले आहे.

नोंदणी पक्की करण्यासाठी उद्या दुपारी मी केंद्राला पुन्हा फोन करणार आहे. प्रश्नांचा कागद फ्रिजवर चिकटवला आहे आणि ज्याला जे सुचेल ते तो लिहितो. मुलाने लिहिले आहे की राजूला अजून साखळीच्या जागी दुखते का. दिरांनी लिहिले आहे की इतका चारा आणतात कुठून. आज संध्याकाळी सासूबाईंनी मला बोलावून त्यांचा प्रश्न लिहायला सांगितला. त्यांच्या माहेरच्या गावात एक हत्तीण चार दिवस मुक्कामाला होती, आणि त्या चार रात्री ती पिंपळाखाली उभीच होती, एकदाही खाली बसली नाही, हे त्यांना आज साठ वर्षांनी आठवले. तिथल्या हत्तिणी रात्री आडव्या होऊन झोपतात का, एवढे विचार, असे त्या म्हणाल्या. तो प्रश्न मी कागदावर सर्वांत वर लिहिला आहे.