चोर जिभेवर, फाशी पोटाला

आपल्या तोंडाला वास येतो हे जगाला आधी कळतं आणि मालकाला सगळ्यात शेवटी. नाक तोंडाच्या बरोबर वरच्या मजल्यावर, तरी खाली काय कुजतंय याचा त्याला पत्ता नाही. जो वास सतत येतो, त्याची दखल घेणं नाक काही वेळाने सोडूनच देतं. समोरचा माणूस भिडेपोटी गप्प. तो अर्धं पाऊल मागे सरकतो, आपण गप्पांच्या ओघात अर्धं पाऊल पुढे जातो, आणि त्याची पाठ भिंतीला टेकेपर्यंत हा नाच चालतो.

संशय आला की माणूस ओंजळीत ‘हाः’ करून हुंगतो. ही परीक्षा मी तरी बाद धरतो. नाक मुळात सरावलेलं, त्यात हवा बोटांमधून पसार. त्यापेक्षा चमचा उलटा करून जिभेच्या मागच्या भागावरून हलकेच ओढावा, पाच-दहा सेकंद थांबावं आणि हुंगावा. दाढांच्या फटीतून काढलेला फ्लॉस, म्हणजे दातांच्या फटी साफ करायचा दोराही हुंगून पाहावा. तोही खोटं बोलत नाही. याहून खात्रीचा उपाय म्हणजे दुसऱ्याचं नाक. दंतवैद्यही नाकानेच हुंगून 0 ते 5 असे गुण देतात. शून्य मिळाल्यावर मान ताठ करून घरी जावं, अशी परीक्षा दुसरी नसेल.

वास सिद्ध झाला की जो तो एकच निदान करतो: “पोट साफ नाही!” मग चूर्ण, काढे, जुलाब. पोट बिचारं विनाकारण रिकामं होत राहतं. वास्तविक अन्ननलिका एरवी मिटलेली असते. ढेकर किंवा आम्लपित्त वर येणं सोडलं, तर पोटातली हवा तोंडापर्यंत येत नाही. दहातल्या आठ-नऊ जणांच्या बाबतीत चोर तोंडातच असतो, आणि आपण संन्याशाला सुळावर चढवत असतो.

हा चोर जिभेच्या मागच्या तिसऱ्या हिश्शात राहतो. तिथला पृष्ठभाग जाड गालिच्यासारखा. त्याच्या खाचांत प्राणवायू न सोसणारे जिवाणू दडून बसतात. अन्नाचे कण, झडलेल्या पेशी, नाकामागून घशात ओघळणारा शेंबूड ही त्यांची मेजवानी. यातली प्रथिनं फोडताना गंधकाचे वायू सुटतात: हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास, मिथाइल मरकॅप्टनला सडक्या कोबीचा. दिवसभर लाळ हे सगळं धुऊन काढते. झोपेत ती फारच कमी सुटते, म्हणून सकाळी भल्याभल्यांचं तोंड वास मारतं. तोंड उघडं टाकून घोरणाऱ्यांचं विचारूच नका. ॲलर्जीच्या आणि नैराश्यावरच्या काही गोळ्यांनीही तोंड कोरडं पडतं.

तेव्हा जीभ घासा. जिभली शक्य तितकी मागे टेकवायची आणि हलक्या हाताने पुढे ओढायची. दर वेळी ती धुवायची. असं पाच-सहा वेळा. रक्त येईपर्यंत खरवडण्यात शौर्य नाही. गोची एवढीच की चोर राहतो तिथेच उमासेही राहतात. जीभ पूर्ण बाहेर काढून श्वास सावकाश सोडत घासलं तर ते कमी येतात. पहिले चार दिवस मात्र न्हाणीघरातून असे आवाज येतात की घरच्यांनी दार ठोठवावं. मग पिवळट पांढरा थर निघतो. त्याच्याकडे एकदा नीट बघावं, म्हणजे उद्या कंटाळा येत नाही.

दात सकाळ-रात्र दोन-दोन मिनिटं. बहुतेक जण समोरचे दात दुकानाच्या पाटीसारखे चकाचक करतात आणि मागच्या दाढांना वाऱ्यावर सोडतात. फटीत ब्रश शिरत नाही, तिथे फ्लॉसच हवा: हातभर दोरा, दाताला वळसा घालून वर-खाली. हिरड्यांतून रक्त येत असेल, तर खाली साठलेला टणक थर घरी निघणार नाही. त्याला दंतवैद्याची स्केलिंगच लागते. कवळी असेल तर रात्री काढून, घासून ठेवावी.

माउथवॉश हा माझ्या मते अत्तर शिंपडण्याचा प्रकार. जस्त असलेला निदान गंधकाला धरून ठेवतो. अल्कोहोलवाला तोंड कोरडं करू शकतो. क्लोरहेक्सिडीनवाला जंतू मारतो खरा, पण दोनेक आठवड्यांच्या पुढे रेटला तर दात तपकिरी होतात. शिवाय पेस्टमधला फेस त्याला निकामी करतो, म्हणून दोन्हींमध्ये अर्धा तास जाऊ द्यावा.

लसूण खाल्ल्यावर तर ब्रशही हात टेकतो. लसणातला एक गंधकयुक्त पदार्थ रक्तात मिसळून फुप्फुसांतून बाहेर पडत राहतो. तिथवर ब्रश कसा पोचणार?

टॉन्सिलच्या खळग्यातून पांढरे, घाणेरड्या वासाचे खडे निघत असतील तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जावं. मधुमेह्याच्या श्वासाला नखरंग पुसायच्या द्रावणासारखा गोडसर वास आला, तर मात्र विनोद बाजूला ठेवून लगेच दवाखाना गाठावा.

काहींना वास मुळीच नसतो, पण तेच आयुष्यभर तोंडावर हात धरून बोलतात. आणि ज्यांनी हात धरायला हवा, ते कानाशी येऊन गुपित सांगतात. कुणी न मागता पेपरमिंट पुढे केली तर निमूट घ्यावी, आणि घरी गेल्यावर आधी चमचा शोधावा.