कंबरेचा बिघाड-अहवाल

बिघाड झाला की त्याला कारण असतेच, या एकाच श्रद्धेवर आम्हा अभियंत्यांचा संसार चालतो. पंप आवाज करू लागला, तर बेअरिंग तरी गेलेले असते किंवा जोडणी तरी वाकडी असते. ‘आपोआप झाले, आपोआप थांबेल’ असे कोणी अहवालात लिहिले, तर त्याने बढतीची आशा सोडावी. अशा शिस्तीत निम्मे आयुष्य गेलेल्या माझ्या कंबरेत एका सकाळी उसण भरली, आणि तीही जमिनीवर पडलेला एक कागद उचलताना. दुखणे एक वेळ सोसता येते, त्या कागदाचा हिशेब सोसवत नाही.

ए-४ आकाराचा ८० जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाचा, कागद बरोबर ५ ग्रॅम भरतो, कारण असे १६ कागद मिळून एक चौरस मीटर होतो. ५ ग्रॅमने ७० किलोंचा माणूस आडवा करावा, हे कोणत्याच शास्त्रात बसत नसल्यामुळे मी पडल्या जागीच आकडेमोड सुरू केली. तसेही दुसरे काही करण्यासारखे नव्हते. “काय झालं?” असे विचारत पत्नी धावत आली, तेव्हा मी “थांब, मोमेंट काढतोय” असे सांगितले, आणि ते ऐकून तिची काळजी बरीच कमी झालेली दिसली.

मोमेंट म्हणजे भार गुणिले टेकूपासूनचे त्याचे अंतर, त्यामुळे हिशेब फार अवघड नाही. कंबरेच्या वरचे शरीर धरा ४० किलो. माणूस वाकला की या भाराचा मध्य मणक्यापासून साधारण २५ सेंटिमीटर पुढे जातो, आणि हा सगळा डोलारा मागून ओढून धरणारे पाठीचे स्नायू मात्र मणक्याच्या मध्यापासून जेमतेम ५ सेंटिमीटरवर असतात. म्हणजे स्नायूंना पाचपट, सुमारे २०० किलोंची ओढ लावावी लागते आणि तितकाच भार मणक्यावर दाबून बसतो. अशी क्रेन एखाद्या कनिष्ठ अभियंत्याने आराखड्यात दाखवली असती, तर मी लाल शेरा मारून तिथल्या तिथे परत पाठवली असती. कागद निर्दोष सुटला. आरोपी तोच राहिला जो त्याच्या शेजारी पडला होता. जगातल्या यच्चयावत तुळयांचे बेंडिंग मोमेंट ज्या विषयात आम्हाला काढायला लावले, त्या विषयाचा अभ्यास मी रात्र रात्र पुस्तकावर ओणवा होऊन केला होता, हेही मला तेव्हाच आठवले.

डॉक्टरबाईंनी पाच-सहा प्रश्न विचारले: पायांना मुंग्या येतात का, ताकद कमी वाटते का, लघवीवर ताबा आहे का, ताप किंवा विनाकारण वजन घटणे असे काही आहे का. सगळ्यांची उत्तरे ‘नाही’ आल्यावर त्यांनी पेन मिटले आणि म्हणाल्या, “काही आठवड्यांत बरं वाटेल. झोपून राहू नका, हिंडतं-फिरतं राहा.” मी कारण विचारले. “बहुतेकांचं नेमकं कारण सापडत नाही,” असे त्यांनी इतक्या प्रसन्नपणे सांगितले, की आमच्या क्षेत्रात असे उत्तर देऊन कोणी हसतमुख बाहेर पडू शकतो का, याचा मी खुर्चीतून उठेपर्यंत विचार करत राहिलो. उठायला बराच वेळ लागत असल्यामुळे विचारही पुष्कळ झाला.

एमआरआयचा आग्रह मी अर्थातच धरला. त्यावर त्यांनी १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा दाखला दिला. ज्यांची पाठ मुळीच दुखत नव्हती अशा ९८ जणांचे एमआरआय काढले, तर त्यांपैकी जेमतेम ३६ टक्के लोकांच्या मणक्यांमधल्या सर्व चकत्या निर्दोष निघाल्या. उरलेले सगळे फुगवटे आणि उंचवटे बाळगून मजेत हिंडत होते. “तुमच्यातही काहीतरी निघेलच, आणि मग तुम्ही त्यालाच धरून बसाल,” असे त्या म्हणाल्या. त्यांनी मला पाच मिनिटांत ओळखले होते.

तरीही मूळ कारण सोडणे माझ्या रक्तात नाही. टोयोटाच्या कारखान्यात ताइइची ओनो यांनी रुजवलेली एक पद्धत आहे: बिघाड दिसला की पाच वेळा ‘का’ विचारावे, म्हणजे वरवरच्या लक्षणाखालचे खरे कारण हाती लागते. मी ती कंबरेला लावली. कंबर का धरली? स्नायू कमकुवत झाले म्हणून. ते का झाले? दिवसभर बसून असतो म्हणून. बसून का असतो? यंत्रांची कामे आता यंत्रांजवळ न होता पडद्यासमोर होतात म्हणून. हे काम का पत्करले? अभियांत्रिकी शिकलो म्हणून. ती का शिकलो? गणितात गुण चांगले पडले म्हणून. तेव्हा मूळ कारण सापडले. त्यावर उपाय म्हणून गणितात कच्चे राहायला हवे होते. हा निष्कर्ष पत्नीला इतका आवडला की तिने तो चारचौघांत सांगायला सुरुवात केली.

मला खरा धक्का बसला तो ‘हिंडते-फिरते राहा’ या सल्ल्याचा. सदोष यंत्र आधी बंद करावे, हा देखभालीचा पहिला धडा. पूर्वी डॉक्टरही पाठदुखीला अंथरुणात पडून राहायला सांगत, आणि तेव्हाच्या वैद्यकावर माझा अधिक विश्वास बसतो. पण १९९५ साली हेलसिंकीत महापालिकेच्या कर्मचाऱ्यांवर झालेल्या चाचणीत एका गटाला दोन दिवस झोपवले, एकाला व्यायाम दिला आणि एकाला झेपेल तसे रोजचे व्यवहार करू दिले, तर सर्वांत लवकर सावरला तो तिसरा गट. यंत्र वापराने झिजते आणि शरीर न वापरल्याने खंगते. हाडसुद्धा त्याच्यावर पडणाऱ्या भाराप्रमाणे आपली रचना बदलून घेते, हे जर्मन शल्यविशारद युलियस व्होल्फ यांनी १८९२ मध्येच लिहून ठेवले आहे. पोलादाची तुळई कधी भार पाहून जाड झालेली मी पाहिली नाही. अशा वस्तूची देखभाल-पुस्तिका कोणी आणि कशी लिहायची?

फिजिओथेरपिस्ट मुलगी तरुण होती आणि तिने पहिल्याच वाक्यात मला ‘काका’ म्हणून उपचारांची सुरुवात केली. “काका, शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही आणि दहा म्हणजे कल्पनेतलं सर्वांत भयंकर दुखणं. तुमचं किती?” मोजमापाच्या साधनाविषयी माझ्या काही किमान अपेक्षा आहेत. दहा कशाला म्हणायचे ते ज्याच्या त्याच्या कल्पनेवर सोडले, तर ज्याची कल्पनाशक्ती दांडगी त्याचे दुखणे आपोआप कमी भरणार. शिवाय कॅलिब्रेशनचे काय? आज सहा म्हटले आणि उद्या पाच, तर दुखणे उतरले की साधन सरकले, हे कसे ठरवायचे? हे सर्व मी तिला शांतपणे समजावून सांगितले आणि शेवटी “साडेसहा, अधिक-उणे एक” असे उत्तर दिले. तिने कागदावर सात लिहिले. “गोलाकार करताना वर का नेलंस?” असे विचारल्यावर ती म्हणाली, “एवढं बोलताय म्हणजे तसं सातही नसावं, काका.” आणि सात खोडून पाच केले.

व्यायाम सांगताना ती म्हणाली, “पोट किंचित आत घ्या.” किंचित म्हणजे किती मिलिमीटर, हा माझा प्रश्न तिने ऐकून न ऐकल्यासारखा केला.

घरी बसून मी वाचन वाढवले. जर्मनीतल्या उल्मच्या संशोधकांनी १९९९ मध्ये एका स्वयंसेवकाच्या कंबरेतल्या चकतीत चक्क दाबमापक बसवून त्याला चोवीस तास नाना आसनांत ठेवले होते. असा माणूस मिळणे हे त्या संशोधनाचे मोठेच यश म्हटले पाहिजे. उभे असताना दाब ०.५ मेगापास्कल, म्हणजे मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या दुपटीहून अधिक. वाकून २० किलो उचलताना तो २.३ वर गेला. आणि खुर्चीत घसरून, फतकल मारल्यासारखे बसल्यावर? ०.३ च्याही खाली! ‘नीट बस’ हा उपदेश लहानपणापासून ऐकत आलेल्या माणसाला हा आकडा केवढा दिलासा देतो, हे मी सांगायला नको. तो मी मोठ्या अक्षरांत लिहून टेबलासमोर चिकटवला. एका माणसावरचे मोजमाप म्हणजे नमुनासंख्या एक, ही आठवण मला पत्नीने करून दिली; इतकी वर्षे माझ्याबरोबर राहिल्याचा हा परिणाम.

चकत्या दिवसभर दबून त्यांतले पाणी थोडे थोडे बाहेर जाते, रात्री आडवे झाल्यावर ते परत भरते, आणि त्यामुळे माणूस सकाळी संध्याकाळपेक्षा सेंटिमीटरभर उंच असतो, हेही मला त्याच वाचनात कळले. पडताळणी करणे भागच होते. झोपण्याच्या खोलीच्या दारावर आता पेन्सिलीच्या खुणा आहेत, प्रत्येकीपुढे ‘स’ किंवा ‘सं’ लिहिलेले आहे. घरी येणाऱ्यांना त्या मुलाच्या उंचीच्या वाटतात, आणि मुलगा तसे सांगतोही, फक्त ‘स’ आणि ‘सं’चा उलगडा त्याला अजून जमलेला नाही.

कंबर पुढे आपोआप बरी झाली. कारण सापडले नाही. आता उरला आहे तो फिजिओथेरपीचा कागद. त्यावर ना आवृत्तीक्रमांक होता, ना मंजुरीची सही; हाताने काढलेल्या आकृतीतला माणूस कोणत्या बाजूने पाहायचा हेही स्पष्ट नव्हते. मी तो नव्याने रेखाटून, मापे घालून, तिसऱ्या आवृत्तीपर्यंत सुधारला आहे. दोन व्यायाम एकाच स्नायूवर काम करतात असे दिसल्यामुळे त्यातला एक मी कमी केला. तो मला सर्वांत अवघड जात होता, हा निव्वळ योगायोग आहे. परवा ती मुलगी रस्त्यात भेटली आणि तिने नेमके त्याच व्यायामाविषयी विचारले, तेव्हा मी तिला सांगितले की तो पुढच्या आवृत्तीसाठी विचाराधीन आहे.